रविवारचं ताट

“जेवून आलात का?”

दार उघडल्या उघडल्या अच्युतरावांनी मला हे विचारलं. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या, दार तोंडावर लावलं असतं, निदान “कोण पाहिजे?” असं तरी दरडावून विचारलं असतं, तर मला सोपं गेलं असतं. पुण्याहून बार्शीपर्यंतच्या पाच तासांत, एसटीच्या खिडकीशी बसून मी या सगळ्याची उत्तरं घोकून आले होते. जेवणाचं उत्तर घोकलेलं नव्हतं.

“हो, जेवून आले,” मी म्हटलं.

सकाळचे अकरा वाजत होते. पोटात टेंभुर्णीच्या स्टँडवरचा अर्धा कप चहा आणि एक केळं होतं. पण ज्या माणसाला मी सगळ्या महाराष्ट्रासमोर भरल्या ताटाला लाथ मारायला लावली होती, त्याच्या घरी जेवायला बसायचं म्हणजे फारच झालं असतं.

“इतक्या सकाळी जेवलात? बरं. बसा की.”

ते चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. काटकुळे, ताठ, अंगात घडी न मोडलेला पांढरा सदरा. शाळेत चित्रकला शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि घराच्या भिंतीवर एकही चित्र नव्हतं. मी इकडेतिकडे पाहतेय हे त्यांनी ओळखलं.

“पोरांच्या वह्यांत इतके डोंगर आणि इतके उगवते सूर्य पाहिलेत, की आता कोरी भिंत बरी वाटते,” ते म्हणाले. “कुमुदनं सांगितलं होतं तुम्ही येणार म्हणून.”

“ताईंनी? मी येतेय असा मेसेज टाकला होता खरा, पण त्या तर माझा फोनही घेत नाहीत.”

“तुमचा घेत नाही. माझा घेते.”

मी मान खाली घातली. आता मी कोण आणि हे ताटाचं काय प्रकरण, ते सांगायला हवं.

त्या काळात मी मालिका लिहीत असे. रोज संध्याकाळी साडेसातला, सोमवार ते शनिवार. कुमुदिनी उपळेकरांच्या ‘रविवारची बाई’ या कादंबरीवरून ती केलेली होती. कुमुदताई सोलापूरला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि दहा वर्षांत एखादं पुस्तक लिहायच्या. मी सोलापूरच्या नभोवाणीवर कामाला होते, तेव्हापासूनची आमची ओळख. त्यांच्या कथांची मी श्रुतिकांत रूपांतरं केली आणि त्यांना ती आवडली, म्हणून कादंबरी मागायला वाहिनीची माणसं गेली तेव्हा त्यांनी एकच विचारलं, “लिहिणार कोण? वैजू लिहिणार असेल तर देते.”

कादंबरी अशी. वत्सला नावाची एक बाई. नवरा शिक्षक, साधा, निर्व्यसनी, जीव लावणारा. मुलगी आठ वर्षांची. सासुरवास नाही, अन्नाची ददात नाही. आणि ही बाई एके दिवशी उठून त्याच गावात तीन गल्ल्या पलीकडे एक खोली घेते आणि तिथे राहायला जाते. बालवाडीत शिकवते. कुणाबरोबर पळून गेलेली नाही, कुणी तिला हाकललेलं नाही. दर रविवारी सकाळी ती नवऱ्याच्या घरी येते, मुलीला न्हाऊ घालते, स्वयंपाक करते, तिघं जेवतात, आणि संध्याकाळी ती आपल्या खोलीवर परत जाते. असं वर्षानुवर्षं. गाव तिला नाव ठेवतं ‘रविवारची बाई’. अख्ख्या कादंबरीत ती याबद्दल एकदाच बोलते. मुलगी मोठी झाल्यावर विचारते, आई, तू का गेलीस? तेव्हा ती म्हणते, “वाईट काही नव्हतं गं. मला राहवेना, एवढंच.”

पुस्तक माझ्या हाती देताना कुमुदताई म्हणाल्या होत्या, “कराराचं तुझी माणसं बघतील. मला तुझ्याकडून एक शब्द हवा. वत्सलेला कारण देऊ नकोस.”

“म्हणजे?”

“लोक मागतील. नवरा पितो, मारतो, बाहेरख्याली आहे, असलं काहीतरी. देऊ नकोस. ती माझी आई आहे, वैजू. बार्शीला असते. आबाही तिथेच. आणि यातलं अक्षरही मी बनवलेलं नाही. हे आजवर कुणाला बोलले नाहीये.”

मी शब्द दिला. आणि तो तीन महिने पाळला, हेही सांगून टाकते, कारण पुढे सांगण्यासारखं चांगलं काही नाही.

मालिकांच्या धंद्यात गुरुवार हा वाईट वार. त्या दिवशी आकडे येतात, किती घरांत किती माणसांनी पाहिलं त्याचे. साठाव्या भागानंतर आमचे आकडे घसरायला लागले. वाहिनीकडून देशमाने नावाचे गृहस्थ आमची मालिका बघत. माणूस वाईट नव्हता, पण गुरुवारी त्यांचा चेहरा बघवत नसे.

“बायका विचारतायत, हिला झालंय तरी काय?” देशमाने म्हणाले. “नवरा सोन्यासारखा, पोरगी गोड, आणि ही खोली घेऊन राहते. अशी बाई असते का कुठे? लोकांना ती कळत नाही वैजयंती, आणि कळत नाही म्हणून आवडत नाही. तिला कारण दे.”

आणि मी तिच्यासाठी भांडायला उठले. अगदी पदर खोचून म्हणतात तशी. “असते अशी बाई,” मी म्हटलं. “खरी आहे ती. बार्शीत राहते. तिचा नवरा जिवंत आहे, देवमाणूस आहे. ही कुमुदताईंच्या आईवडिलांची गोष्ट आहे. त्यात असं काहीबाही घुसवता येणार नाही.”

देशमान्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “सत्यकथा आहे? अगं, मग आधी नाही का सांगायचं!”

पुढच्या सोमवारपासून शीर्षकाखाली ओळ झळकू लागली, ‘सत्य घटनेवर आधारित’. आठवड्याभरात बार्शीच्या एका वर्तमानपत्रात आलं, ‘आपल्या गावची वत्सला’. ज्या गोष्टीची राखण करायला मला ठेवलं होतं, ती मीच तोंडानं बाहेर काढून दिली होती. वाचवायला गेले होते, हे खरं. पण घसरणाऱ्या आकड्यांच्या खोलीत खरं बोलून काही वाचत नसतं, हे मला त्या धंद्यात सहा वर्षं काढूनही कळलेलं नव्हतं.

आकडे थोडे वर आले, पुन्हा खाली बसले. मग जानेवारीतल्या एका सकाळी सात वाजता फोन आला. सेट लागलेला, वत्सला झालेली नटी मेकअप करून बसलेली, दाखवायला तयार असलेले भाग जेमतेम दोन. देशमाने म्हणाले, “वैजयंती, आज कारण आलं नाही तर मालिका महिन्यात बंद. दीडशे माणसं आहेत या युनिटमध्ये. तू ठरव.”

मी पंचवीस मिनिटांत प्रसंग लिहिला. खोटी नम्रता दाखवत नाही, प्रसंग चांगला होता. वत्सला नवऱ्याला जेवायला वाढते. तो कशावरून तरी चिडलेला आहे. ती समजावायला जाते आणि तो उठून भरल्या ताटाला लाथ मारतो. वाटी गडगडत मुलीच्या पायाशी जाऊन थांबते. वत्सला खाली बसून एकेक शीत वेचून ताटात भरत राहते. दुसऱ्या दिवशी ती घर सोडते. मारहाण दाखवायची नाही, एवढीच काय ती माझी सभ्यता. ताटाला लाथ म्हणजे मारण्याहून मोठं, हे मला ठाऊक होतं, म्हणून तर लिहिलं.

त्या गुरुवारी देशमान्यांनी पेढे वाटले.

कुमुदताईंचा फोन आला तो भाग लागल्यावर दहा मिनिटांत. “ताटाला लाथ कुणी मारली, वैजू?”

“ताई, वाहिनीनं फार...”

“लिहिलं कुणी?”

“मी.”

त्यांनी फोन ठेवला. पंधरा दिवसांनी एक मेसेज तेवढा आला: ‘आबांनी खानावळीत जाणं सोडलं.’

तो वाचला आणि मी देशमान्यांच्या मागे लागले. त्यांनीच तोडगा काढला. “घरच्यांची लेखी तक्रार आण. मी वर दाखवतो. मग ते ताटाचं म्हणजे मुलीचं वाईट स्वप्न होतं असं करून टाकू. पण नुसत्या तुझ्या बोलण्यावर नाही होणार.” म्हणून तक्रारीचा कागद टाइप करून, खाली सहीची जागा सोडून, मी रविवारची सकाळची गाडी पकडून बार्शीला आले होते. त्या कागदावर एक सही झाली की हा माणूस सुटत होता. आणि मीही.

अच्युतरावांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. मास्तरकीच्या सवयीनं एका शब्दाची वेलांटी पेन्सिलीनं दुरुस्तही केली.

“त्या नटाचं नाव काय हो?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

“त्यानं डाव्या पायानं मारली. मी डावा पाय उचलला तर उजव्यावर उभा राहू शकत नाही, एवढं तरी विचारायचं होतंत मला.” ते हसले. मला हसता आलं नाही.

“आबा, खानावळीत काय झालं?”

“काही नाही. कॉलेजची पोरं असतात तिथे. मी गेलो की आपापली ताटं उचलून धरायची. ‘आजोबा आले, सांभाळा रे!’ मस्करीच ती. पण खानावळवाली सुभद्राबाई वाढताना हात लांब करून वाढायला लागली. ते काही मला गिळेना. आता मी घरीच खिचडी टाकतो. येते बरी.”

मी म्हटलं, “आबा, सही करा. पुढच्या आठवड्यात ते स्वप्न होतं असं दाखवतील. सगळ्यांना कळेल की तुम्ही असं काही केलं नव्हतं.”

त्यांनी कागदाची घडी घातली. माझ्यासमोर ठेवली.

“नको.”

मला वाटलं ते रागावलेत. मी माफी मागायला सुरुवात केली, तर त्यांनी हातानं थांबवलं.

“तसं नव्हे. हे बघा, एकेचाळीस वर्षं हे गाव मला ‘बिचारा’ म्हणत आलंय. वाण्याकडे गेलो तरी बिचारा, शाळेत गेलो तरी बिचारा. आणि तिला काय काय म्हणत आलंय ते मी तुमच्यासमोर उच्चारणार नाही. आता मी वाईट झालो. बिचारा असण्यापेक्षा वाईट असणं सोपं आहे हो. कुणी खांद्यावर हात ठेवायला येत नाही.”

“पण ते खोटं आहे.”

“आहेच. पण परवा काय झालं ऐका. शेट्यांच्या सुनेनं यमुनेला, म्हणजे कुमुदच्या आईला, हळदीकुंकवाचं बोलावणं दिलं. स्वतः दारात जाऊन. सवाष्ण बाई, पण एकेचाळीस संक्रांती गेल्या, तिला या गावात एका घरानं कुंकू लावलं नव्हतं.” त्यांनी कागदाची घडी माझ्याकडे आणखी सरकवली. “मला लाथ मारावी लागली, तर तिला बोलावणं आलं. मग राहू द्या की. माझं असं कितीसं राहिलंय?”

आणि इथे मला काय वाटलं ते लपवत नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. ज्याचा अपराध केला तोच म्हणतोय राहू द्या, तर मी कोण पुढे जाणारी? छातीवरचं ओझं एकदम उतरलं. मी कागद पर्समध्ये टाकला, तोही जरा घाईनंच.

“गेल्या का मग त्या हळदीकुंकवाला?” मी विचारलं.

“ते तिलाच विचारा. मी माझ्यापुरतं सांगितलं. पण गोष्ट तिची आहे. निर्णय तिनं सांगायचा.” ते उठले, खुंटीवरची टोपी घेतली. “चला. आज रविवार. तिचे गुडघे गेले तेव्हापासून रविवारी मीच तिकडे जातो. तुम्ही येणार म्हणून तिनं तुमचंही जेवण केलंय. पुरण घातलंय, म्हणाली. जेवलात म्हणता, तर दोन घास खा.”

टेबलावरचं वर्तमानपत्र त्यांनी काखेत मारलं. रविवारची पुरवणी वेगळी काढून, नीट घडी करून. मी सहज विचारलं, तर म्हणाले, “कोडं असतं त्यात. ते तिचं. मी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही, नाहीतर तिला लगेच कळतं.”

एवढ्यात माझा फोन वाजला. देशमाने. आकडे असे चढलेत की आता अर्धा तास जास्तीचा मागितलाय, संध्याकाळपर्यंत दोन प्रसंग हवेत. मी “हो, हो” म्हणत राहिले. अच्युतराव उंबऱ्यात माझ्या चपला सरळ करून ठेवत होते.

आम्ही गल्लीच्या तोंडाशी आलो. डावीकडे यमुनाबाईंची बालवाडी, उजवीकडे स्टँडचा रस्ता.

“आबा,” मी म्हटलं, “मला दीडची गाडी गाठायला हवी. संध्याकाळी काम द्यायचंय.”

“साडेबारा होतायत. दहा मिनिटांवर घर आहे.”

“पुढच्या वेळी नक्की येते. त्यांना माझा नमस्कार सांगा.”

काम होतं, हे खरं. पण कामामुळे मी गेले नाही, असं नव्हे. मला भीती वाटली. ज्या बाईला मी तीन महिने रोज लिहीत होते, तिच्यासमोर बसायची. ती काय विचारेल त्याची. आबांनी मला सोडलं होतं. ती सोडणार नाही, असं आत कुठेतरी कळत होतं, आणि मिळालेली सुटका मला हातची घालवायची नव्हती.

“तिनं ताट वाढून ठेवलं असेल,” अच्युतराव म्हणाले. मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी मान हलवली. “बरं बरं. गाडी चुकवू नका.”

रिक्षातून मागे वळून पाहिलं तर ते काठी टेकत चालले होते, काखेत पुरवणी घट्ट धरून.

गाडी सुटली पावणेतीनला. दोन तास मी स्टँडच्या बाकावर बसून होते. भूक लागली तेव्हा एक वडापाव घेतला आणि अर्धा टाकून दिला.

पुढचं थोडक्यात सांगते. मालिका आणखी दहा महिने चालली. शेवटच्या भागात म्हातारा झालेला नवरा वत्सलेच्या पायाशी बसून त्या ताटाची क्षमा मागतो. तो प्रसंग बघून गावोगावच्या बायका रडल्या, मला त्यासाठी मानचिन्ह मिळालं, आणि मंचावर मी ‘गुंतागुंतीच्या स्त्रिया पडद्यावर आणण्याविषयी’ दहा मिनिटं बोललेही. त्याच वर्षी दिवाळीनंतर अच्युतराव गेले. मला कुणी कळवलं नाही. वर्तमानपत्रात दोन ओळी होत्या.

सहा वर्षांनी कुमुदताईंचा फोन आला. “आईला तुला भेटायचंय. बुधवारी जा. मी तिथे नसेन.” एवढंच.

यमुनाबाईंची खोली बालवाडीच्या मागच्या अंगाला होती. मी मालिकेत त्या खोलीला जाळीची खिडकी, तुळस, आणि रडायला सोयीची एक पायरी दिली होती. यातलं काहीच तिथे नव्हतं. एक कॉट, एक टेबल, भिंतीला टेकवलेले बालवाडीचे छोटे पाट. यमुनाबाई चौऱ्याऐंशीच्या झाल्या होत्या. नटीसारख्या मुळीच नव्हत्या. ठेंगण्या, रुंद हाडाच्या, आवाज वर्गात शेवटच्या ओळीला ऐकू जाईल असा.

“या. उशीर केलात,” त्या म्हणाल्या.

मी घड्याळाकडे पाहिलं. दहाला यायचं ठरलं होतं, दहाला पाच कमी होती.

“आजचा नाही. सहा वर्षांचा म्हणतेय.”

“त्या दिवशी गाडी होती, बाई.”

“गाडी पावणेतीनला सुटली. कंडक्टर माझ्या बालवाडीतला.” त्यांनी टेबलाच्या खणातून एक पाकीट काढलं. “हे तुमचं. वाचा. मोठ्यानं वाचा, माझे डोळे गेलेत.”

आत वहीचा दुरेघी कागद होता, लहान मुलांना गिरवायला द्यावं तसं ठळक अक्षर. मी वाचू लागले.

“‘श्री. अच्युत उपळेकर यांनी ताटाला कधीही पाय लावला नाही. मला किंवा मुलीला कधी वेडावाकडा शब्द बोलले नाहीत. मी घर सोडलं ते माझ्या मनानं. त्याचं कारण नव्हतं. असलंच तर ते माझं होतं, आणि ते माझ्याजवळच राहावं अशी इच्छा आहे. टीव्हीवर दाखवलेलं खोटं आहे, ते दुरुस्त करावं. यमुना अच्युत उपळेकर.’”

खाली सही होती. तारीख त्या रविवारची.

देशमान्यांना लागणारा कागद तो हाच. तीन गल्ल्या पलीकडे, दहा मिनिटांवर, सही करून तयार.

“हे तुम्ही पाठवलं का नाहीत?” मी विचारलं. 

“तुमच्या हातात द्यायचं होतं. तुम्ही आला नाहीत. हे म्हणाले, राहू दे यमू, मला काही त्रास नाही. आयुष्यात त्यांचं एवढं एकच ऐकलं. चुकलं माझं.”

“पण हळदीकुंकू... आबा म्हणाले होते तुम्हाला बोलावणं आलं.”

“आलं ना. मी शेट्यांच्या सुनेला दारातच म्हटलं, यांनी ताटाला पाय लावलेला नाही. मी काही कारण नसताना गेले. तसल्या बाईला बोलवत असशील तर येते. तर ती डोळ्याला पदर लावून म्हणते, ‘बघा, एवढं सोसलं तरी नवऱ्याला नाव ठेवू देत नाही!’ आणि माझ्या पाया पडली.” यमुनाबाईंनी कपाळाला हात लावला. “एकेचाळीस वर्षं मला वाईट म्हणत होते, त्याचं मला काही वाटलं नाही. जे केलं होतं त्याला धरून म्हणत होते. पण तुम्ही मला बिचारी केलंत.”

मी कागदावरची तारीख पुन्हा पाहिली.

“हे गेले, तेव्हा मी तिकडे जाऊन बसले होते. भेटायला बायका येत होत्या. त्यातल्या चौघींनी माझा हात धरून सांगितलं, ‘सुटलात हो.’”  पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. “सुटलात म्हणे. ज्या माणसानं मला जाऊ दिलं, आणि दर रविवारी येऊ दिलं, त्याच्यापासून.”

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं, पण समजूत काढली नाही. बाहेर बालवाडीची मुलं कुठलंसं गाणं ओरडून म्हणत होती. ते संपल्यावर त्या म्हणाल्या, “जेवून आलात का?”

या वेळी मी खरं सांगितलं. “नाही.”

“आज बुधवार. मी स्वयंपाक रविवारचाच करते, बाकीचे दिवस डबा येतो एका माणसाचा.” मग जराशानं, जणू काही राहिलेलं काम आठवावं तसं, म्हणाल्या, “त्या दिवशीही तुम्ही जेवला नव्हतात. यांनी ओळखलं होतं. आल्या आल्या म्हणाले, पोरगी उपाशी गेली.”

“बाई, ते ताट...”

“वाढून ठेवलेलं होतं. पुरणपोळ्या दोन, कटाची आमटी, भजी, भात, सगळं. मी म्हटलं झाकून ठेवते, संध्याकाळी बघू. तर म्हणाले, वाढलेलं ताट असं टाकायचं नाही. स्वतःचं जेवले, आणि मग तुमच्या पाटावर सरकून बसले आणि तुमचंही संपवलं. चौऱ्याऐंशीव्या वर्षी. एक शीत ठेवलं नाही.”

त्यांनी माझ्या हातातला कागद परत घेतला, घडीवर घडी घालून पाकिटात सरकवला.

“दोन दिवस पोट धरून होते,” त्या म्हणाल्या.